चिकाचा वाटा कोणाला? वासराच्या स्वागताचा इतिहास कसा शोधायचा

गोठ्यात गाय व्याली की घरात पहिला प्रश्न एकच असतो: "काय झालं? गोऱ्हा का कालवड?" हा प्रश्न आपण इतक्या वेळा ऐकलेला असतो की त्यात इतिहास असेल असं वाटतच नाही. आजच्या लेखात मी हाच प्रश्न घेतो आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: खानदेशात वासराच्या जन्माचं स्वागत पिढ्यान् पिढ्या होत आलं आहे, पण त्या प्रश्नाच्या कोणत्या उत्तराला घर जास्त खूश होतं, हे मात्र काळाप्रमाणे बदललं आहे. हा बदल सापडला तर शेतीचा, बाजाराचा आणि घराचा इतिहास एकाच धाग्यात हाती येतो.

पेट देऊन सिनॉप्सिसच्या तयारीला लागलेले बरेच जण विचारतात, "सर, एवढ्या लहान विषयावर संशोधन होतं का?" (मी अजून सर नाही, पण असो.) होतं. विषय लहान असला तरी चालतो, प्रश्न नेमका पाहिजे. कसा, ते पुढे टप्प्याटप्प्याने पाहू.

१. कागदात वासरू का दिसत नाही?

सुरुवात नेहमीच्या साधनापासून करू. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालिकेतला खानदेशाचा खंड 1880 साली निघाला. तेव्हा खानदेश हा एकच मोठा जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग 1906 मध्ये झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे. या खंडात तालुक्यांची माहिती येते तेव्हा नांगर, गाड्या, बैल, गायी, म्हशी, घोडी, शेळ्यामेंढ्या यांचे आकडे येतात. त्यात आजचं वासरू कुठे आहे?

ते जवळजवळ नाहीच. कारण सरळ आहे. ही यादी महसूल खात्याच्या नजरेने केलेली आहे. नांगर किती आणि ते ओढणारे बैल किती, म्हणजे जमीन किती कसली जाईल आणि सारा किती येईल, हा त्या यादीचा हिशेब. काल रात्री जन्मलेलं वासरू अजून तीन वर्षं काहीच ओढणार नाही, म्हणून त्याला रकाना नाही.

दुसरं साधन पशुगणना. आपल्या देशात ती 1919-20 पासून होते आहे, विसावी गणना 2019 ची. इथे लहान जनावरांना रकाना मिळाला, पण त्यातही एक खाच आहे. अलीकडच्या गणनांत नर आणि मादी यांचे वयोगट सारखे पाडलेले नाहीत. मादीला एक वर्षाखालचा वेगळा गट आहे. नराचा पहिला गट मात्र संकरित असेल तर दीड वर्षापर्यंत आणि देशी असेल तर दोन वर्षांपर्यंत जातो. त्यामुळे दोन रकाने शेजारी ठेवून "गोऱ्हे इतके, कालवडी इतक्या" असं लिहिलं, तर व्हायवाला पहिलाच प्रश्न तिथे पडेल. आकडा वापरण्याआधी रकान्याचं शीर्षक वाचायची सवय लावून घ्या.

कागदात न दिसण्याचं आणखी एक कारण आहे. विकत घेतलेल्या बैलाचा व्यवहार होतो, पैसा हलतो, कर्ज निघतं. 1884 च्या शेतकरी कर्ज कायद्याखाली बियाणं आणि जनावरं घेण्यासाठी तगाई मिळे, म्हणजे त्याची नोंद झाली. घरच्या गोठ्यात जन्मलेल्या गोऱ्ह्यासाठी कोणी कोणाला पैसे दिले नाहीत, म्हणून नोंदही झाली नाही. शेतकऱ्याच्या घरची सगळ्यात मोठी वाढ अशी हिशेबाबाहेर राहिली.

२. "गोऱ्हा झाला!" म्हणजे नेमकं काय झालं?

आता पिंप्राळ्याकडे येऊ. आज पिंप्राळा जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. बाहेरच्यांना ते आषाढी एकादशीच्या रथोत्सवामुळे माहीत असतं. पण मुळात हे काळ्या जमिनीतलं शेतकऱ्यांचं गाव, आणि जळगावच्या बाजारपेठेला अगदी खेटून असलेलं.

1860 च्या दशकात दोन गोष्टी एकत्र आल्या. मुंबईहून निघालेला जीआयपी रेल्वेचा मार्ग जळगाववरून पुढे 1863 मध्ये भुसावळला पोचला, आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (1861-65) इथल्या कापसाला अचानक मोठी मागणी आली. जळगाव कापसाचं पेठेचं गाव झालं. आपण हा इतिहास बहुतेक वेळा रेल्वे, व्यापारी आणि गिरण्या यांच्या बाजूने वाचतो. पण शेतातून जिनिंगपर्यंत आणि तिथून स्टेशनपर्यंत कापूस कोण नेत होतं? बैल. काळी जमीन नांगरायची तर जोडी दमदार पाहिजे, मोटेने पाणी काढायचं तरी जोडीच पाहिजे.

अशा घरात "गोऱ्हा झाला" याचा अर्थ तीन वर्षांनी औताला एक बैल घरचा मिळणार. जोड लावायला दुसरा मिळाला की बाजारात जाऊन रोख मोजायला नको. खिल्लार जातीचा एक प्रकार 'तापी खिल्लार' किंवा 'थिल्लारी' म्हणून खानदेशाच्या नावावर आहे, आणि या जातीची ख्याती बैलांसाठीच आहे, दुधासाठी नाही. भाषाही हेच सांगते. नराला वासरू, गोऱ्हा, खोंड, बैल अशा पायऱ्या आहेत. बाजारात दातांवरून आदत, दुसा, चौसा असं वय सांगतात. जिथे माणसाचं लक्ष जास्त, तिथे शब्द जास्त.

मग कालवडीचं स्वागत होत नव्हतं का? होत होतं, कारण उद्याचा गोऱ्हा तिच्याच पोटी येणार. पण तिची किंमत एक पिढी पुढची होती.

म्हशीच्या बाबतीत चित्र उलटं. वगार झाली तर दुधाची सोय, टोणगा झाला तर त्याचं काय करायचं हा प्रश्न. म्हणजे एकाच गोठ्यात, एकाच आठवड्यात, गायीला नर झाला म्हणून आनंद आणि म्हशीला नर झाला म्हणून नाराजी. "ग्रामीण समाजात नराला महत्त्व होतं" असं सरसकट विधान करण्याआधी हे उदाहरण आठवा. महत्त्व लिंगाला नव्हतं, त्या जनावराकडून घराला काय काम हवं होतं त्याला होतं.

३. दुष्काळ संपतो, वासराचा दुष्काळ पुढे चालतो

1899-1900 चा दुष्काळ, विक्रम संवतावरून ज्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात, तो गुजरात आणि खानदेशाला फार जोरात बसला. माणसांइतकीच जनावरांची हानी झाली, कारण चाराच नव्हता. बहुतेक पुस्तकांत हा विषय 1900 च्या पावसाबरोबर संपतो.

आता गोठ्याचं गणित मांडून बघा. गाय गाभण राहिल्यापासून व्यायला साधारण नऊ महिने लागतात. गोऱ्हा औताला लावण्यासारखा व्हायला तीनेक वर्षं. देशी कालवड पहिल्यांदा व्यायलाही तीन-चार वर्षं. उपाशी गाय माजावर येत नाही, आणि आली तरी अशक्त वासरू देते. म्हणजे दुष्काळाच्या वर्षी जे वासरू जन्मलं नाही किंवा जगलं नाही, त्याची जागा औतापुढे रिकामी दिसते ती तीन-चार वर्षांनी. पाऊस चांगला, जमीन तयार, आणि जोडीला बैल नाही. गाय गेली असेल तर आधी कालवड मोठी व्हायची, मग ती व्यायची, मग तिचा गोऱ्हा वाढायचा. हा हिशेब सहा-सात वर्षांवर जातो.

इथून संशोधनाचा चांगला प्रश्न निघतो: दुष्काळानंतर गावात बैल कधी पुरे पडू लागले? जनावरांचे आकडे वर्षावर्षाने लावून पाहिले, तगाईच्या नोंदी त्याला जोडल्या, तर दुष्काळाचा शेवट पावसाच्या तारखेऐवजी गोठ्यावरून ठरवता येईल.

४. चीक: खरी परीक्षा इथे

आता लेखाच्या शीर्षकाकडे. व्यायल्यानंतरचं पहिलं दाट पिवळसर दूध म्हणजे चीक. वासराला रोगाशी लढण्याची शक्ती गर्भात असताना आईच्या रक्तातून मिळत नाही, ती चिकातून मिळते. तीही लगेच प्यायला मिळाला तरच. पहिल्या एक-दोन तासांत पाजला तर उत्तम. जसजसे तास जातात तसं वासराच्या आतड्याचं हे शोषण कमी होत जातं, आणि साधारण चोवीस तासांत जवळजवळ थांबतं. वासराच्या वजनाच्या दहावा हिस्सा चीक त्याच्या पोटात जावा, असा पशुवैद्यकाचा ढोबळ नियम आहे.

आणि याच चिकाचा खरवस होतो. शेजारीपाजारी वाटला जातो, तो तर जन्माच्या आनंदाचा भाग. म्हणजे स्वागताची मिठाई आणि वासराचं संरक्षण एकाच भांड्यातून येतं. वाटा कसा पडतो? गोऱ्हा असला तर किती, टोणगा असला तर किती? स्वागत तोंडाने सगळ्यांचंच होतं. वासराला कासेला किती वेळ लावलं, यावरून खरी पसंती कळते.

यावर जगप्रसिद्ध वाद आहे, तो माहीत असू द्या. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मार्विन हॅरिस यांनी 1966 मध्ये भारतातल्या गोवंशावर गाजलेला लेख लिहिला. पुढे 1979 च्या पुस्तकात त्यांनी केरळातल्या त्रिवेंद्रम भागाचं उदाहरण दिलं. तिथले शेतकरी सांगत की वासराला आम्ही कधीच मारणार नाही, उपाशी ठेवणार नाही. पण एक वर्षाखालच्या वासरांत 100 माद्यांमागे नर फक्त 67 होते. शेतकरी म्हणत, नर अशक्त असतात, कमी खातात. हॅरिस यांचं उत्तर असं की तिथल्या शेतीला बैलांची गरज कमी होती, म्हणून नरांना आईपाशी कमी वेळ मिळे. उत्तर प्रदेशात बैलांची गरज मोठी, तिथे प्रमाण उलटं: गायींपेक्षा बैल दुपटीहून जास्त.

हॅरिस यांचं सगळंच मान्य केलं पाहिजे असं नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी त्यांच्याशी जोरदार वाद घातला. के. एन. राज यांनी 1969 मध्ये गोवंशातल्या नर-मादी प्रमाणावर स्वतंत्र मांडणी केली. आपल्यासाठी धडा पद्धतीचा आहे. लोक जे सांगतात तेही साधन, आणि लोकसंख्येचं प्रमाण जे सांगतं तेही साधन. दोन्ही जुळत नाहीत तेव्हा घाबरू नका, कोणाला खोटं पाडायलाही धावू नका. न जुळण्याचं कारण शोधणं हाच तुमचा प्रबंध.

५. स्वागत उलटं कधी झालं?

1967 मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला बाएफ संस्था सुरू केली. कृत्रिम रेतन आणि संकरित गायी महाराष्ट्राच्या खेड्यांत पोचवण्यात तिचा मोठा वाटा आहे. 1970 पासून दूध महापूर योजना आली, गावोगावी दूध डेअऱ्या झाल्या. दुसरीकडे विहिरीवर मोट जाऊन इंजिन आणि विजेचा पंप आला, मग ट्रॅक्टर आला. दोन्ही बदल वेगळ्या दिशांनी आले, पण गोठ्यात त्यांचा परिणाम एकच झाला: कालवड हवी, गोऱ्हा नको.

यात एक बारीक गोष्ट सहसा सुटते. देशी गाय किंवा म्हैस वासरू कासेला लागल्याशिवाय सहज पान्हवत नाही. म्हणून वासरू नर असो, मादी असो, दुधासाठी त्याला जगवावं लागे. काही ठिकाणी वासरू दगावलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गायीपुढे ठेवत. संकरित होल्स्टीन किंवा जर्सी गाय वासराशिवायही दूध देते. म्हणजे गोऱ्ह्याची बैल म्हणून गरज संपली, आणि पान्ह्यासाठीची गरजही संपली. दोन्ही आधार एकाच पिढीत गेले.

आकडे बघा. 2012 च्या पशुगणनेत देशात गोवंश सुमारे 19.09 कोटी होता, त्यात गायी 12.30 कोटी. 2019 मध्ये एकूण 19.25 कोटी, म्हणजे जवळपास तेवढाच, पण गायी 14.51 कोटी. उरलेले नर 6.79 कोटींवरून 4.74 कोटींवर आले. सात वर्षांत सुमारे तीस टक्के घट. नुसती एकूण संख्या पाहिली असती तर "काही बदल नाही" असं लिहून मोकळे झालो असतो.

कायद्याची बाजूही धरा. महाराष्ट्रात 1976 च्या पशुसंरक्षण कायद्यातली दुरुस्ती 2015 मध्ये लागू झाली आणि बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यानंतर नको असलेला गोऱ्हा विकायचा कुठे, हा प्रश्न शेतकऱ्यापुढे वेगळ्या रूपात आला. आता तर लिंगनिर्धारित रेतमात्रा मिळतात, त्यातून साधारण नव्वद टक्के कालवडीच जन्मतात. "गोऱ्हा का कालवड?" या प्रश्नाचं उत्तर गाय व्यायच्या नऊ महिने आधीच ठरवण्याची सोय झाली.

पण ही गोष्ट एकाच दिशेने जाते असंही समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, मे 2023 मध्ये घटनापीठानेही ती मान्य केली. जिथे शर्यतींचा नाद आहे तिथे चांगल्या खिल्लार गोऱ्ह्याचं स्वागत पुन्हा जोरात होतं. गरज बदलली की पसंती बदलते, हे इथेही दिसतं.

६. हे फक्त आपल्याकडचं आहे का?

नाही. एक दूरचं उदाहरण देतो. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातला लोकरी प्राणी अल्पाका. त्याच्या पिल्लाला स्पॅनिशमध्ये 'क्रिया' म्हणतात. गर्भकाळ साडेअकरा महिन्यांच्या आसपास, आणि पिल्लं बहुतेक दिवसाउजेडी जन्मतात, म्हणजे रात्रीच्या थंडीआधी अंग वाळतं. 1984 पासून अमेरिकेत अल्पाका आयात होऊ लागले आणि छोट्या कुटुंबांनी हौसेने फार्म काढले. तिथे पिल्लू झालं की पहिला प्रश्न आपलाच: नर की मादी? मादी असली तर मोठा आनंद, कारण पैसा लोकरीपेक्षा पैदाशीच्या माद्या विकण्यात होता. बहुतेक नर स्वस्तात जात. टीना सैटोन आणि रिचर्ड सेक्स्टन या अर्थतज्ज्ञांनी 2007 मध्ये दाखवलं की त्या किमती लोकरीच्या उत्पन्नावर टिकणाऱ्या नाहीत, हा फुगा आहे. पुढे किमती कोसळल्याच. लोकरीसाठी मात्र नरही चालतो, मादीही चालते. म्हणजे कोणत्या पिल्लाचं कौतुक होतं एवढं पाहिलं असतं, तरी धंदा लोकरीचा आहे की पैदाशीचा, हे कळलं असतं.

७. मुलाखतीत काय विचाराल?

पिंप्राळ्यासारख्या गावात शेतांचे प्लॉट झाले, कॉलन्या झाल्या, पण जुन्या घरांत गोठ्याची आठवण आहे. तिथल्या एका आजींना मी विचारलं, "आजी, तुमच्याकडे जनावरं किती होती?" त्या म्हणाल्या, "असतील आठ-दहा." विषय संपला. मग विचारलं, "शेवटची गाय कोणाची होती?" आणि आजी सुरूच झाल्या. ही अमकीची कालवड, ती तमकीची, तिचा पहिला गोऱ्हा अमुक पोळ्याला पहिल्यांदा सजवला, तिची आई माझ्या माहेरून आलेली. तीन पिढ्यांची वंशावळ, तीही बायकांच्या बाजूने. 'किती' विचारलं की आकडा मिळतो, 'कोणाची कोण' विचारलं की इतिहास मिळतो.

त्यात सणांच्या खुणाही वापरा. पोळा बैलांचा, म्हणजे कामाचा सण. वसुबारस गाय-वासराचा, त्या दिवशी अनेक घरांत बायका गायीचं दूध-तूप खात नाहीत, ते वासराचं मानतात. लोकांना सन आठवत नाही, पण "त्या पोळ्याला घरची जोडी नव्हती" हे पक्कं आठवतं. ते वर्ष कोणतं हे नंतर सातबारा, पतपेढीचं कर्ज, ट्रॅक्टरची खरेदी यांवरून जुळवता येतं.

तुमच्यापैकी कोणाला हा विषय पुढे न्यायचा असेल, तर एकच गाव घ्या आणि तीन गोष्टींपासून सुरुवात करा. एक, त्या तालुक्याच्या उपलब्ध पशुगणना आणि त्यांचे वयोगट वेगवेगळे लिहून काढा. दोन, दहा घरांत जनावरांच्या वंशावळी घ्या, आणि त्या शक्यतो घरातल्या बाईकडून घ्या, कारण बहुतेक घरांत धार, चीक, खरवस हे तिच्याच हातात होतं. तीन, प्रत्येक घराला विचारा: घरचा शेवटचा गोऱ्हा कधी औताला लावला, आणि त्यानंतर झालेल्या गोऱ्ह्यांचं काय झालं? दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाला लोक थोडे थांबतील. थांबू द्या. घाईने पुढचा प्रश्न टाकू नका, वहीत ते थांबणंही लिहा.